थर्मिडॉरनंतरचे पंधरा महिने : इतिहासाची पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांना खुलं पत्र

पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या सर्व मान्यवरांस,

स. न. वि. वि.

मी शाळेत इतिहास शिकवते. फ्रेंच राज्यक्रांतीचा धडा दरवर्षी घेते आणि दरवर्षी एकाच वाक्यापाशी अडते. ‘रोबेस्पिअरच्या वधानंतर दहशतीचे राज्य संपले.’ पुस्तकं बदलली, मुखपृष्ठं बदलली, स्वाध्यायांचे प्रकार बदलले, हे वाक्य मात्र हललं नाही. त्याच्या पुढच्या ओळीत डिरेक्टरी, म्हणजे पाच संचालकांचं सरकार, येते आणि लगेच नेपोलियन. दोन वर्षांपूर्वी मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “बाई, मग लोक खूश झाले असतील ना?” मी ‘हो’ म्हणणार होते, पण ल्योंचे तुरुंग आठवले आणि शब्द घशातच राहिला. तेवढ्यात घंटा झाली. त्या दिवशी राहून गेलेलं उत्तर आज तुमच्यापुढे मांडते आहे, कारण ते पुस्तकातच यायला हवं.

आधी ‘संपले’ या शब्दाबद्दल. क्रांतीच्या नव्या दिनदर्शिकेतल्या ९ थर्मिडॉरला, म्हणजे २७ जुलै १७९४ रोजी, कन्व्हेन्शनने, म्हणजे तेव्हाच्या संसदेने, जॅकोबिन या जहाल गटाचा नेता रोबेस्पिअर याला अटक करण्याचा ठराव केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो, त्याचे सहकारी सें-झुस्त व कुथों आणि इतर मिळून २२ जणांना गिलोटिनवर चढवलं. इथे आपला धडा सुटकेचा श्वास टाकतो. पण त्याच्याही दुसऱ्या दिवशी, २९ जुलैला, पॅरिस कम्यूनच्या, म्हणजे शहराच्या कारभारी मंडळाच्या, सत्तरएक माणसांची डोकी उडाली. दहशतीच्या सबंध काळात पॅरिसमध्ये एका दिवसात इतकी माणसं गिलोटिनखाली गेली नव्हती. म्हणजे आपण ज्या तारखेला दहशत संपली असं शिकवतो, तिच्या दुसऱ्याच दिवशी तिने आपला उच्चांक गाठला.

आणि रोबेस्पिअरला खाली खेचणारे कोण होते? तालियाँ, फ्रेराँ, बारास, फुशे, कोलो द’एर्ब्वा. बोर्दोत तालियाँने, तुलाँ आणि मार्सेयमध्ये फ्रेराँ-बारास जोडीने, ल्योंमध्ये फुशे आणि कोलोने जे केलं ते सर्वश्रुत आहे. एकट्या ल्योंमध्ये अठराशेच्या वर माणसं मारली गेली, त्यातली काही तोफांच्या तोंडी रांगेत उभी करून. हे लोक दयेपोटी उठले नव्हते. यादीत पुढचं नाव आपलं आहे, या भीतीने उठले होते. मुलांना हे सांगितलं नाही तर पुढचं काहीच उलगडत नाही. कालपर्यंत दहशत राबवणारेच उद्या तिच्याविरुद्ध सर्वांत मोठ्याने ओरडू लागले, आणि प्रत्येक नवा आरोपी म्हणजे त्यांच्या स्वतःच्या भूतकाळावर टाकलेली एक चादर ठरली.

सुटका झालीच नाही असं मी म्हणत नाही. आरोपीला वकील आणि साक्षीदार नाकारणारा २२ प्रेअरियालचा कायदा १ ऑगस्टला रद्द झाला. तुरुंगाची दारं उघडली, हजारो संशयित घरी परतले. नांत शहरातून १३२ नागरिकांना खटल्यासाठी पॅरिसला धाडलं होतं. वाटेतल्या हालांत आणि तुरुंगातल्या आजारांत माणसं दगावत गेली, ९४ जण न्यायालयापुढे उभे राहिले आणि सप्टेंबरमध्ये सुटले. त्यांच्याच खटल्यात लोआर नदीत माणसं बुडवल्याच्या हकिकती देशाने ऐकल्या. ते करवणारा कॅरिए १६ डिसेंबर १७९४ रोजी गिलोटिनवर गेला. या न्यायाचं मोल मी कमी लेखत नाही. माझं म्हणणं एवढंच की न्याय आणि सूड त्या हिवाळ्यात एकाच दाराने आत आले आणि काही महिन्यांत त्या घराचा मालक सूड झाला.

पॅरिसच्या रस्त्यांवर हे प्रथम दिसलं ते पोशाखात. चापूनचोपून बसलेले कोट, उंच गळपट्टे आणि हातात जड सोटा घेतलेल्या तरुणांच्या टोळ्या फिरू लागल्या. लोक त्यांना मस्कादँ म्हणत. त्यांची माथी भडकवायला फ्रेराँचं वर्तमानपत्र होतं. जॅकोबिन दिसला की झोडपायचा, कॉफीगृहांतले मारा या खून झालेल्या जॅकोबिन नेत्याचे अर्धपुतळे फोडायचे, हा त्यांचा दिनक्रम. नोव्हेंबरमध्ये त्यांनी जॅकोबिन क्लबवर हल्ला केला, तिथल्या बायकांना धरून मारहाण केली. आणि सरकारने काय केलं? गोंधळ होतो म्हणून १२ नोव्हेंबरला क्लबच बंद केला. मार खाणाऱ्याच्याच दाराला कुलूप! माराचे अवशेष सप्टेंबर १७९४ मध्ये समारंभाने पँथेऑन या राष्ट्रवीरांच्या समाधिस्थळात नेले होते, ते पाच महिन्यांत बाहेर काढले गेले.

याच काळातली एक गोष्ट अनेक लोकप्रिय पुस्तकांत हमखास असते : ज्यांचे नातेवाईक गिलोटिनवर गेले ते मानेभोवती लाल फीत बांधून ‘बळींच्या नाचा’ला जमत. मुलांना ती फार आवडते. पण त्या नाचांचे समकालीन पुरावे अगदी तोकडे आहेत, बरीचशी वर्णनं नंतरच्या पिढ्यांनी रंगवलेली आहेत. तुम्ही चौकटीत काही रंजक टाकायच्या विचारात असाल तर कृपा करून ही गोष्ट टाकू नका. तिच्या जागी पाव टाका.

कारण या सगळ्याच्या मुळाशी पाव होता. सप्टेंबर १७९३ मध्ये ‘माक्सिमम’ लागू झाला होता : धान्यासह गरजेच्या वस्तूंच्या किमतींवर कायद्याची मर्यादा. तो मोडणाऱ्याला शिक्षेची भीती होती, म्हणून तो कसाबसा चालत होता. भीती गेली, कायदा पोकळ झाला, आणि २४ डिसेंबर १७९४ रोजी तो रीतसर रद्द करण्यात आला. कुठल्या मुहूर्तावर? शतकातल्या अतिकडक हिवाळ्यांपैकी एकाच्या तोंडावर. नद्या गोठल्या, नौका अडल्या, जळाऊ लाकूड आणि पीठ दोन्ही शहरापर्यंत पोहोचेना. तिकडे असिग्नात या कागदी चलनाची किंमत कोसळली. १७९४ च्या उन्हाळ्यात ते दर्शनी किमतीच्या साधारण एक तृतीयांशावर होतं, १७९५ च्या मे महिन्यात दहा टक्क्यांच्याही खाली. शेतकरी म्हणे, नाणी दाखवा, कागद नको. मजुराच्या हातात मात्र कागदच पडत होता.

वर्गात मी हा भाग असा समजावते. सकाळी चार वाजता बेकरीच्या दारात उभी असलेली एक बाई डोळ्यांसमोर आणा. मागच्या वर्षीही ती अशाच रांगेत होती. तेव्हा पाव काळा होता, भेसळीचा होता, पण किंमत ठरलेली होती. आता तिच्या वाट्याचा शिधा एका पौंडावरून अर्ध्या पौंडावर आला आहे, मग त्याच्याही निम्म्यावर, आणि वसंत ऋतू उजाडेपर्यंत काही भागांत दिवसाला दोन औंसांवर, जेमतेम साठ ग्रॅम. त्याच रस्त्यावरच्या मिठाईवाल्याच्या काचेमागे पांढऱ्या पिठाचे केक मांडलेले आहेत, कारण आता कोणीही कितीही किमतीला काहीही विकू शकतो. पोलिसांच्या रोजच्या टिपणांत रांगेत कोसळणारी माणसं आहेत, सेन नदीत उड्या टाकणारी माणसं आहेत. आणि रांगेतल्या बायका उघड बोलू लागल्या आहेत की रोबेस्पिअरच्या वेळी रक्त वाहत होतं, पण पाव तरी मिळत होता.

हे वाक्य मुलांना झोंबतं. झोंबायलाच हवं. ती बाई रक्तपिपासू नाही, तिला घरी जाऊन मुलांपुढे काहीतरी ठेवायचं आहे. राजकीय बदल झाला की तो कुणाच्या ताटातून वजा होतो, हे समजण्यासाठी याहून चांगलं उदाहरण मला शिकवण्याच्या इतक्या वर्षांत सापडलेलं नाही. आणि आपण ते वगळतो.

१२ जर्मिनालला, म्हणजे १ एप्रिल १७९५ रोजी, जमाव कन्व्हेन्शनमध्ये घुसला. मागण्या दोनच, पाव आणि १७९३ चं संविधान. सर्व पुरुषांना मताधिकार देणारं ते संविधान मंजूर होऊनही कधीच अमलात आलं नव्हतं. जमाव पांगवला गेला, आणि त्याच रात्री दहशतीच्या काळात सत्ता चालवणाऱ्या सार्वजनिक सुरक्षा समितीतल्या बिलो-वारेन, कोलो आणि बारेर यांना गयानाला हद्दपार करण्याचा ठराव झाला. त्यानंतर नऊ दिवसांनी, १० एप्रिलला, आणखी एक हुकूम निघाला : दहशतीच्या अत्याचारांत भाग घेणाऱ्यांची शस्त्रं काढून घ्या. या हुकुमाकडे मी परत येणार आहे.

मग १ प्रेअरियाल, २० मे. आघाडीवर बायकाच होत्या. टोप्यांवर ‘पाव आणि १७९३ चं संविधान’ असं लिहिलेलं. या वेळी जमाव निःशस्त्र नव्हता आणि निष्पापही राहिला नाही. फेरो नावाच्या प्रतिनिधीला त्यांनी ठार केलं, त्याचं मुंडकं भाल्यावर खोवलं आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या ब्वासी द’आंग्लासपुढे धरलं. त्याने त्या मुंडक्याला मान लववून अभिवादन केलं. ही घटना झाकून ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही. भुकेला माणूसही क्रूर होऊ शकतो, हे मुलांना कळू द्या. पण फेरोचं मुंडकं दाखवणारी पुस्तकं त्याच्या आधीचे दोन औंस दाखवत नाहीत आणि नंतरचे खटलेही दाखवत नाहीत.

तीन दिवसांनी सैन्याने सेंट आंत्वान या कष्टकऱ्यांच्या वस्तीला वेढा घातला. वस्ती शरण आली. लष्करी आयोगापुढे १४९ जणांवर खटले चालले, ३६ जणांना मृत्युदंड झाला. बायकांसाठी स्वतंत्र हुकूम निघाला : सर्वांनी आपापल्या घरी परतावं, रस्त्यात पाचपेक्षा जास्त बायका एकत्र दिसल्या तर बळाने पांगवल्या जातील आणि अटक होईल. १७८९ च्या ऑक्टोबरमध्ये व्हर्सायला जाऊन राजाला पॅरिसला घेऊन येणाऱ्या बायकांचं चित्र आपल्या पुस्तकांत असतं. सहा वर्षांनी त्याच शहरातल्या बायकांना पाचपेक्षा जास्त जणींनी एकत्र उभं राहायलाही बंदी झाली, हे नसतं. माझ्या वर्गात निम्म्या मुली असतात. हे वाक्य मी त्यांना तोंडी सांगते, त्या वहीत उतरवून घेतात.

त्या आयोगाने शिक्षा दिलेल्यांत सहा प्रतिनिधीही होते. जमाव सभागृहात असताना त्यांनी त्याच्या मागण्यांच्या बाजूने ठराव मांडले, एवढा त्यांचा गुन्हा. त्यातला एक झिल्बेर रोम, गणिताचा शिक्षक. क्रांतीची नवी दिनदर्शिका बसवणाऱ्या समितीचं काम त्याने केलं होतं. दहा दिवसांचा आठवडा, तीस दिवसांचे महिने, या सगळ्यामागे त्याची आकडेमोड होती. १७ जून १७९५ रोजी निकाल ऐकून ते सहा जण जिना उतरत होते. लपवून आणलेली सुरी एकाने स्वतःच्या छातीत खुपसली आणि पुढच्याच्या हातात दिली. रोम, गुजों आणि दुकेन्वा तिथेच गेले. उरलेल्या तिघांना जखमी अवस्थेत गिलोटिनवर नेलं. सरकारी दप्तरात त्या दिवसाची नोंद रोमनेच आखून दिलेल्या पद्धतीने झाली : २९ प्रेअरियाल, वर्ष तिसरं. हा प्रसंग सांगताना माझा आवाज आजही बदलतो.

आता दक्षिणेकडे. या भागासाठीच मी खरं तर पत्र लिहायला बसले.

शस्त्रं काढून घेण्याच्या त्या हुकुमाने गावोगाव नावं जाहीर झाली. ल्योंमध्ये जुन्या जॅकोबिनांना ‘मातव्हों’ म्हणत आणि हा शब्द तोंडातून निघाला की माणूस संपला समजायचं. नावं माहीत, घरं माहीत, आणि घरातली बंदूक सरकारने नेलेली. जे जीव वाचवायला किंवा अटकेमुळे तुरुंगात होते, तेही सुरक्षित राहिले नाहीत. ४ मे १७९५ रोजी ल्योंमध्ये जमावाने तुरुंगांत शिरून शंभरएक कैद्यांना मारलं. ११ मेला एक्स शहरात तेच. तारास्कोंमध्ये कैद्यांना किल्ल्याच्या उंच भिंतीवरून ऱ्होन नदीकडे फेकलं, एकदा मेमध्ये आणि पुन्हा जूनमध्ये. ५ जूनला मार्सेयच्या सेंट जाँ किल्ल्यातले कैदी कोठड्यांतच कापले गेले. या टोळ्यांना लोक ‘सूर्याची मंडळी’ आणि ‘जेहूची मंडळी’ अशा नावांनी ओळखत. स्थानिक अधिकारी उशिरा पोहोचले किंवा पोहोचलेच नाहीत. ल्योंच्या हत्याकांडाबद्दल काही जणांवर खटला झाला, ते निर्दोष सुटले आणि शहराने त्यांना मिरवत परत आणलं.

मेलेले कोण होते? फुशे नव्हता, तो पुढे पोलीसमंत्री झाला. बारास नव्हता, तो पुढे पाच संचालकांपैकी एक झाला. मेले ते बहुतेक गल्लीतले लोक. देखरेख समितीत सही करणारा कारागीर, गावच्या क्लबचा चिटणीस, कुणाचं तरी धान्य जप्त करायला गेलेला माणूस. त्यातल्या काहींचे हात रक्ताने माखलेले होते, यात शंका नाही. ल्योंमधल्या ज्या आईचा मुलगा १७९३ च्या हिवाळ्यात मारला गेला, तिला क्षमा करायला सांगणारी मी कोण? पण तिच्या मुलाच्या मृत्यूचा हुकूम काढणारे पॅरिसमध्ये खुर्चीवर होते, आणि तिच्या शहराने शोधून काढला तो शेजारी.

इथे मोजदादीचा एक मोठा घोळ आहे, आणि तुम्ही अभ्यासक असल्याने तो तुम्हाला माझ्यापेक्षा नीट कळेल. जॅकोबिन दहशतीला न्यायालयं होती, निकालवह्या होत्या. म्हणून आपल्याला सांगता येतं की देशभरात रीतसर निकालाने सुमारे १७,००० माणसांना मृत्युदंड झाला, त्यातले २,६०० हून अधिक पॅरिसमध्ये, आणि त्यांतले बहुसंख्य सरदार नव्हते तर सामान्य लोक होते. नंतरच्या या सूडसत्राला, ज्याला श्वेत दहशत म्हणतात, वह्याच नव्हत्या. रात्री दारावर थाप, सकाळी नदीत प्रेत. जिची कागदपत्रं आहेत तिचं कोष्टक होतं आणि कोष्टक पुस्तकात येतं. जिची नाहीत ती धड्यातूनही वाहून जाते. लिखित पुराव्याच्या अभावाला घटनेचा अभाव समजू नये, हे आपणच मुलांना इतिहासाच्या साधनांच्या धड्यात शिकवतो ना?

राजेशाहीवाल्यांचं काय झालं ते थोडक्यात. जूनअखेर परागंदा सरदार इंग्रजी जहाजांतून किबरोंच्या किनाऱ्यावर उतरले, सेनापती ओशने जुलैमध्ये त्यांचा धुव्वा उडवला आणि पकडलेल्यांपैकी सुमारे ७५० जणांना गोळ्या घातल्या. ऑगस्टमध्ये नवं संविधान मंजूर झालं. त्याचा प्रमुख समर्थक तोच ब्वासी द’आंग्लास. मालमत्ता असणाऱ्यांनी चालवलेला देश हा सुव्यवस्थित समाज, आणि मालमत्ता नसणाऱ्यांनी चालवलेला म्हणजे जंगलाची अवस्था, असं त्याने भर सभेत सांगितलं होतं. सर्वांचा मताधिकार गेला, प्रतिनिधी निवडण्याचा अंतिम हक्क देशभरातल्या तीसएक हजार धनिकांपुरता उरला.

आणि मग ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या श्रीमंत वस्त्याच बंड करून उठल्या. जुन्या सभासदांसाठी दोन तृतीयांश जागा राखून ठेवल्याचा त्यांना राग होता आणि त्यांत राजेशाहीवाले मिसळले होते. कन्व्हेन्शनकडे माणसं कमी पडली. तेव्हा बारासने काय केलं असेल? ज्यांना वसंतात बंदुका काढून घेऊन लांडग्यांपुढे सोडलं होतं, त्याच जॅकोबिनांना बोलावून त्यांच्या हातात पुन्हा बंदुका दिल्या. त्यांना नाव दिलं ‘८९ चे देशभक्त’. ते आले! त्यांच्या जोडीला म्यूरा नावाच्या अधिकाऱ्याने रातोरात आणलेल्या चाळीस तोफा आणि बोनापार्त नावाचा तरुण सेनाधिकारी. १३ व्हाँदेमिएरला, ५ ऑक्टोबर १७९५ रोजी, सें-रॉक चर्चच्या आसपास तीनशेएक माणसं पडली. आपल्या पुस्तकांत ही नेपोलियनच्या उदयाची पहिली पायरी म्हणून येते. ते ‘८९ चे देशभक्त’ कुठे आहेत त्यात? सरकारला गरज पडली की पाखरासारखे गोळा करायचे आणि गरज सरली की शिकाऱ्याला दाखवायचे, असे लोक प्रत्येक क्रांतीत असतात. मुलांनी त्यांना एकदा तरी नावानिशी भेटायला हवं.

२६ ऑक्टोबरला कन्व्हेन्शनने शेवटच्या बैठकीत सार्वत्रिक माफी जाहीर केली आणि जिथे गिलोटिन उभी असायची त्या क्रांती चौकाचं नाव सलोखा चौक, प्लास द ला काँकॉर्द, असं ठेवलं.

तुम्ही म्हणाल, पानं मर्यादित आहेत. मान्य. मला पूर्ण प्रकरण नको आहे, अर्धं पान द्या. पंधरा महिन्यांचा एक परिच्छेद, त्यात माक्सिमम रद्द झाल्याचा दिवस, प्रेअरियालच्या बायका आणि ल्योंचा तुरुंग, एवढं आलं तरी पुरे. कुणी असंही म्हणेल की यातून रोबेस्पिअरची तरफदारी होते. मला ती करायची नाही. २२ प्रेअरियालचा कायदा त्याने आणि कुथोंने आणला, आणि सात आठवड्यांच्या आत दोघांनाही त्याहून कमी सुनावणीत संपवण्यात आलं. त्याच्या राजवटीचा प्रत्येक बळी पुस्तकात राहू द्या. फक्त त्याच्यानंतरच्या बळींसाठी जागा करा. एका बाजूची प्रेतं मोजायची आणि दुसऱ्या बाजूची ‘शांतता प्रस्थापित झाली’ या शब्दांखाली पुरायची, हे आपल्या विषयाला शोभत नाही.

मागच्या सत्रपरीक्षेत रिकाम्या जागा भरा या प्रश्नात तेच वाक्य आलं होतं : रोबेस्पिअरच्या वधानंतर ______ संपले. एका मुलाने लिहिलं, ‘स्वस्त धान्य’. मी लाल पेन हातात घेऊन बराच वेळ त्या उत्तरापाशी थांबले. तो चुकला नव्हता, वर्गात मी शिकवलेलं त्याच्या लक्षात राहिलं होतं. पण नमुना उत्तरात ‘दहशतीचे राज्य’ छापलेलं होतं. मी त्याला गुण देऊ शकले नाही. ते नमुना उत्तर बदलणं माझ्या हातात नाही, तुमच्या आहे.

कळावे,

आपली नम्र,
एक इतिहास शिक्षिका